मार्गशीर्षात वितळणारा बर्फ

मी एका कंपनीचा मालक होतो. हे आधीच सांगून टाकतो, कारण आमच्या घरातली आताची पोरं मला रसवंतीवाला म्हणून ओळखतात आणि तेवढ्यावरच थांबतात. रसवंती होती, औरंगपुऱ्यात होती, चरकाला घुंगरं होती, सगळं खरं. पण ती पोटासाठी. इज्जतीसाठी बर्फाचा कारखाना होता.

माझं शिक्षण विचाराल तर निजामाच्या राज्यात मी उर्दू शाळेत चौथीपर्यंत गेलो. मग पोलीस ॲक्शन झालं, शाळा बंद पडली आणि पुन्हा उघडली तेव्हा मराठी होऊन उघडली. नव्या मास्तरांनी आम्हा सगळ्यांना अक्षरओळखीसाठी पहिलीच्या पट्टीवर बसायला सांगितलं. बाकीचे बसले. मी म्हणलो, चौथीतला माणूस पहिलीत बसत नसतो. घरी आलो तो परत गेलो नाही. मराठी मी पुढं दुकानांच्या पाट्या वाचून शिकलो, म्हणून माझं अक्षर आजही जरा मोठं येतं.

तेव्हा शहराचं नाव वेगळं होतं, ऊन हेच होतं. बर्फ बाहेरगावाहून रेल्वेनं यायचा आणि येईपर्यंत निम्मा व्हायचा. मग आम्ही रसवाले, कुल्फीवाले, सोडावाले, दूधवाले एकत्र आलो आणि शेअर काढून बर्फाची कंपनी उभी केली. माझ्यासारखे मालक बरेच होते, पण त्यानं माझी मालकी काही पातळ होत नव्हती. शेअरचा कागद मी काचेत बसवून देवांच्या फोटोशेजारी लावला. त्यावर इंग्रजीत काय लिहिलंय ते मी कधी विचारलं नाही. मालकानं कागद लावायचा असतो, वाचायला नोकर असतात.

चेअरमन आमचा सोडावॉटरवाला. त्याचं बोलणंही त्याच्या बाटल्यांसारखंच, आधी आवाज, मग फेस. पण माणूस दस्तूर पाळणारा. कंपनी निघाली त्या दिवशीच त्यानं सगळ्यांसमोर सांगितलं होतं, "नफा व्हायचा तेव्हा होईल. पण ज्या शेअरवाल्याच्या घरी लग्न, त्याच्या दारात बर्फाची लादी कंपनीकडून." नफा काही झाला नाही. लादी मात्र एकदाही चुकली नाही. कुणाच्या पोरीचं असो, पुतण्याचं असो, मांडव पडला की हातगाडीवर गोणपाटात गुंडाळलेली, भुशात लोळवलेली लादी डुलत डुलत हजर. सगळ्या मोहल्ल्यानं बघायचं आणि आम्ही बघितलंच नाही असं दाखवायचं.

आता ही फुकटची लादी हिशेबात लिहायची कशी, तर चेअरमननं एक सरळ रस्ता काढला होता. तो लिहायला लावायचा, 'वितळला'. कुणाचं काही बिघडत नव्हतं. जुना हिशेबतपासनीस म्हातारा होता, वर्षातून एकदा यायचा, थंडगार सरबत घ्यायचा, सही करायचा, जाताना म्हणायचा, "बर्फाचा धंदा, वितळणारच." फार समजूतदार माणूस.

तो थकला आणि नवा आला. हा बारीक, चष्मेवाला, सायकलच्या क्लिपा पायजम्याला लावलेला. आला त्याच दिवशी सरबत नको म्हणला, तिथंच आम्ही ओळखायला पाहिजे होतं. त्यानं भिंतीवरचं पंचांगाचं कॅलेंडर काढून टेबलावर ठेवलं, हिशेबाची वही त्याच्या शेजारी ठेवली, आणि एक बोट इकडं, एक बोट तिकडं असा बराच वेळ बसून राहिला. मग चेअरमनला म्हणाला, "साहेब, एक शंका आहे. तुमचा बर्फ भाद्रपदाच्या उकाड्यात अजिबात वितळत नाही. मार्गशीर्षाच्या थंडीत मात्र लाद्याच्या लाद्या वितळतात. हे कसं?"

चेअरमननं कॅलेंडरकडं बघितलं. भाद्रपदात लग्नं नसतात आणि मार्गशीर्षात असतात, हे त्यालाही माहीत होतं आणि कॅलेंडरलाही. तो म्हणाला, "आमच्याकडचा बर्फ तसाच आहे."

"तुळशीच्या लग्नापर्यंत एक थेंब नाही, आणि दुसऱ्या दिवसापासून धार लागते?"

"पाण्याचा गुण असतो."

मी हे सगळं दारात उभं राहून ऐकलं आहे. तपासनिसानं पेन बंद करून खिशाला लावलं आणि म्हणाला, समाधानकारक उत्तर येईपर्यंत सही नाही. चेअरमनला ते झोंबलं. त्यानं हुकूम काढला की ह्या माणसाला ह्यापुढं प्यायला पाणी द्यायचं ते कोमट. बर्फाच्या कारखान्यात कोमट पाणी द्यायचं म्हणजे मुद्दाम चूल पेटवावी लागायची, पण त्यानं पेटवली.

झालं. तपासनीस म्हणायचा, चेअरमन उत्तर देत नाहीत. चेअरमन म्हणायचा, तपासनीस सही करत नाही. दिवाळीच्या आधी आमची दरसालची सभा व्हायची, चिवडा असायचा, आम्ही "मंजूर, मंजूर" म्हणायचो आणि मालक झाल्याचं समाधान घेऊन घरी जायचो. ती दिवाळी तशीच गेली. संक्रांत गेली. होळी पेटली. आम्ही शेअरवाले गेलो विचारायला, की आमच्या सभेचं काय?

चेअरमन म्हणाला, "ऑडिट झाल्याशिवाय सभा घेता येत नाही. सभेशिवाय ठराव करता येत नाही. आणि तपासनिसानं बोट ठेवलंय म्हणून ठरावाशिवाय लग्नाची लादी देता येत नाही."

बाकीचे चिवड्यासाठी चिडले होते. शेवटचं वाक्य ऐकून मी मात्र जागेवरच थंड झालो.

कारण असं की माझ्या थोरल्या पोरीचं लग्न ठरलं होतं, वैशाखातलं. मुलगा नाशिककडचा. सुपारी फोडायला त्याचा बाप, म्हणजे माझा होणारा इवाई, आला तेव्हा घामानं निथळत होता. गोदावरीकाठचा माणूस, त्याला आमचं ऊन नवीन. उपरण्यानं वारा घेत तो सगळ्यांसमोर म्हणाला, "इवाई, तुमच्याकडं वैशाखात लग्न म्हणजे आमच्या वऱ्हाडाचे पापड व्हायचे. प्यायला पाणी तरी बरं मिळंल ना? आमच्याकडं नुसत्या माठातलं पाणी दात कळवळवतं."

माझे दात तिथंच कळवळले. मी म्हणलो, "इवाई, बर्फाचा कारखाना आपला हाय. तुमच्या वऱ्हाडातल्या एका माणसाला कोमट घोट लागला, तर ह्या मिशा उतरवून तुमच्या ताटात ठेवीन."

घरात गेल्यावर कारभारीण म्हणली, "मिशा काय तुमच्या एकट्याच्या हायत का? लग्नाचे फोटो निघायचे हायत."

तर हे असं होतं. बाकीच्यांचा चिवडा अडकला होता आणि माझ्या मिशा.

कारभारणीनं सोपा उपाय सांगितला. "बाजारातून इकत आणा की एक लादी. बर्फावर कुणाचं नाव लिव्हलेलं असतंय का?"

मी म्हणलो, "मालकानं आपल्याच कंपनीचा बर्फ इकत घ्यायचा?"

"मग दुसऱ्या कंपनीचा घ्या."

"मालकानं दुसऱ्या कंपनीचा बर्फ घ्यायचा?"

ती पोळी लाटायला लागली. ती बोलायची थांबली की पोळ्या फार पातळ व्हायच्या. त्या आठवड्यात आमच्याकडच्या पोळ्यांतून पलीकडचं दिसत होतं.

मी शेअरवाल्यांना गोळा केलं. म्हणलो, आपण मालक आहोत, धरणं धरू. कारखान्याच्या दारात ऊन मरणाचं होतं, म्हणून धरणं आतल्या बर्फखान्यात धरायचं ठरलं. पहिल्यांदा सगळे खूश. चैत्रातल्या दुपारी असलं धरणं कुणाला नको. थोड्या वेळानं कुल्फीवाला हात काखेत घालून म्हणाला, "रसवाले, मेरे पाँव किधर हैं, जरा देखके बोलो." मग आम्ही ऊन खायला बाहेर आलो. ऊन लागलं की परत आत. असं आत-बाहेर करताना नीट घोषणा देताच येईना, दातावर दात वाजायचे आणि चेअरमनला वाटायचं आम्ही त्याला हसतोय. संध्याकाळपर्यंत निम्म्या मालकांना पडसं झालं आणि धरणं शिंकत शिंकत उठलं.

तेवढ्यात तपासनीस सायकलवरून आला. आमचे लाल नाकाचे चेहरे बघून त्याला काय वाटलं कोण जाणे, पण तो जरा नरमला. म्हणाला, "माझं कुणाशी वैर नाही. तुम्ही म्हणता वितळतो, तर मला दाखवा. एक लादी बाहेर काढू, सकाळी वजन करू, संध्याकाळी वजन करू. जेवढी खरोखर वितळेल तेवढं मी मान्य करीन."

चेअरमन फेसाळणार होता, पण मी मध्ये पडलो. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला होता. मी म्हणलो, "साहेब, कारखान्यात बर्फ कुठं वितळतोय? तो वितळतो वाटेवर आन् गिऱ्हाइकाच्या दारात. हातगाडीवर घाला, गावातून न्या, मांडवाखाली दिवसभर ठेवा, मग बघा."

"कोणत्या मांडवाखाली?"

"आता उस्मानपुऱ्यात एक मांडव पडणारच हाय, वैशाखात. माझ्या पोरीचा."

चेअरमननं माझ्याकडं बघितलं आणि पहिल्यांदा त्याच्या तोंडून आवाज न येता नुसतं हसू आलं. "कंपनीची हरकत नाय," तो म्हणाला, "परीक्षेचाच बर्फ हाय. लग्नाचा थोडाच हाय."

तपासनीस मूर्ख नव्हता. तो म्हणाला, "चालेल. मी स्वतः सोबत येणार. आणि तीन अटी. लादी कुणी फोडायची नाही. कुणी खायची नाही. कुणी न्यायची नाही."

मी व्हय म्हणलो. लादी दारात येणं महत्त्वाचं, पुढचं पुढं बघू असा माझा हिशेब.

लग्नाच्या दिवशी सकाळी वजन करून लादी निघाली. पुढं हातगाडी, मागं वजनकाट्याची दुसरी हातगाडी, त्यामागं सायकल हातात धरून तपासनीस. उस्मानपुऱ्यातल्या लोकांना वाटलं नवरदेवाची वरातच आली. एका म्हातारीनं तपासनिसाला कुंकू लावलं. लादी मांडवाच्या मधोमध गाडीवरच ठेवली, गोणपाट काढलं, आणि तो खुर्ची टाकून तिच्यासमोर बसला तो उठायचं नाव नाही. पाहुणे आले की आधी लादीकडं धावायचे आणि मग त्याच्याकडं बघून थांबायचे. आमच्या एका मावशीनं पदराआडून एक कपची काढायला हात घातला, तर तो नुसता खाकरला. मावशी म्हणली, "हा कोण वरबाप हाय का?"

वऱ्हाड सकाळी यायचं होतं, जेवायला. आलं नाही. लग्न गोरज मुहूर्ताचं, त्याची भीती नव्हती. भीती लादीची होती. ती आपली टिपटिप टिपटिप मातीत गळत होती आणि मी मांडवाच्या दारात उभा राहून रस्त्याकडं बघत होतो. माझ्या डोळ्यांदेखत माझी इज्जत उस्मानपुऱ्याची जमीन पीत होती. कुल्फीवाला जवळ येऊन हळूच म्हणाला, "रसवाले, नाई को भी बुलाके रखतूँ क्या, बाजू में?" मी त्याच्याशी तासभर बोललो नाही.

ऊन उतरायला लागल्यावर वऱ्हाडाच्या गाड्या आल्या. वाटेत वेरूळला दर्शनाला थांबले होते, ते ठीक. पण तिथून लेणी बघायला गेले आणि आतच बसून राहिले. इवाई खाली उतरता उतरता म्हणाला, "लेण्यात लई गार होतं हो इवाई, उठावंच वाटंना. आता बघू तुमचा कारखाना." मागं त्याचं वऱ्हाड, लाल झालेलं, पदरानं, टोपीनं, चपलेनंसुद्धा वारा घेणारं. आणि आमच्या रांजणांतलं पाणी सकाळपासून उन्हात तापून असं झालेलं की त्यात चहा पडला असता.

मी तपासनिसाकडं गेलो. आवाज खाली आणून म्हणलो, "साहेब, एक कोपरा फोडू का?"

"अट आहे."

"चिमूटभर."

"अट आहे. तुम्ही हो म्हणाला होतात."

म्हणलो होतो खरा. दिलेला शब्द मी मोडत नाही आणि इकडं दिलेला दुसरा शब्द मोडायला आला होता. तेवढ्यात मागून कारभारीण आली, काखेला घागर. तिनं विचारलं, "भाऊ, फोडायचं नाय, खायचं नाय, न्यायचं नाय. आंघोळ घालायची नाय असं काय बोलला होता का?"

तपासनिसानं खिशातला कागद काढून वाचला. दोनदा वाचला. मग म्हणाला, "तसं नमूद नाही."

तिनं घागर लादीवर ओतली. खाली पितळी घंगाळं आधीच सरकवलेलं होतं. वरून तापलेलं पाणी गेलं आणि खाली गार होऊन उतरलं. ही युक्ती माझ्याही मनात येतच होती, ती आधी बोलली एवढंच. मग बायकांची रांग लागली. एक ओततेय, एक घंगाळं बदलतेय, एक धोतराच्या फडक्यातून भुसा गाळून लिंबू पिळतेय.

इवाई नुकताच घृष्णेश्वराहून आलेला. त्यानं मांडवाच्या मधोमध उभा असलेला तो पांढरा झालेला गोळा बघितला, वरून पाण्याची धार बघितली, समोर कपाळाला कुंकू लावून खुर्चीत ताठ बसलेला माणूस बघितला आणि त्याचे हात आपोआप जोडले गेले. "वा इवाई," तो म्हणाला, "अभिषेकाची सोय बी केली का?" आणि तांब्या भरून घेऊन त्यानं डोळे मिटून लादीवर धार धरली. मग त्याच्या बायकोनं. मग सगळ्या वऱ्हाडानं ओळीनं. नाशिककडची माणसं, धार तुटू देत नाहीत. तपासनीस सारखा त्याच्या कागदाकडं बघत होता आणि कागदात काही सापडत नव्हतं. कुणीतरी त्याच्याही हातात तांब्या दिला. नाही कसं म्हणणार, वऱ्हाड बघत होतं. त्यानंही ओतला.

सरबत फिरलं. मी इवायाच्या तोंडाकडं बघत उभा होतो. त्यानं एक घोट घेतला, थांबला, नाक आत घातलं. "ह्यात काहीतरी वास येतोय. वाळा हाय का?"

वास गोणपाटाचा होता. मी म्हणलो, "आमच्या कारखान्याचा खास हाय."

त्यानं दुसरा पेला मागितला. मुलाकडच्या एका पोक्त बाईनं तपासनिसाला पेला दिला. तोही सकाळपासून उपाशी उन्हात बसलेला. त्यानं नको म्हणायला तोंड उघडलं आणि पेला त्यातच गेला. मग त्यानंही दुसरा मागितला.

अंतरपाट धरायच्या आधी त्यानं वजनाचं काम उरकायचं ठरवलं. लादी कुठं होती आता? गाडीवर नारळाएवढा गोळा उरला होता. तो काट्यावर ठेवला तर काटा हललाच नाही. तपासनिसानं चष्मा पुसून काटा पुन्हा बघितला. मग चेअरमनकडं वळून म्हणाला, "कुणी फोडला नाही, कुणी खाल्ला नाही, कुणी नेला नाही. मी इथून हललेलो नाही. वितळला, हे मला लिहावंच लागेल."

चेअरमन म्हणाला, "मी दिवाळीपास्नं हेच सांगतोय."

"मार्गशीर्षातही असाच वितळतो का?"

कुल्फीवाला मध्येच म्हणाला, "हौ साब, ये बरफ शादी देखके पिघलताय. मौसम का इसकू कुछ नै."

आणि खरोखर, पुढं सही झाली तेव्हा त्याचा शेरा असा निघाला की लग्नप्रसंगी ह्या कंपनीचा बर्फ अधिक वितळतो, हे प्रत्यक्ष पाहून खात्री केली आहे. सभा झाली, चिवडा झाला, मी सगळ्यांत मोठ्यानं मंजूर म्हणलो. पण ते नंतर.

त्या वेळी तो म्हणाला, "परीक्षा संपली. उरलेला माल कंपनीचा." चेअरमननं गोळा उचलला आणि माझ्या हातात दिला. "मालक, तुमच्या दारची लादी," असं सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला.

मी तो तसाच घेऊन इवायाकडं गेलो. तिकडं भटजी घाई करत होते, वाजंत्री वाजत होती. मी गोळा त्याच्या दोन्ही हातांत ठेवला. त्याचे हात भाजल्यासारखे झाले. ह्या हातातून त्या हातात, त्या हातातून ह्या हातात, तो नाचवायला लागला. खाली टाकता येईना, इवायानं दिलेला मान होता. त्याच्या बाह्यांतून पाणी कोपरापर्यंत ओघळलं.

"कसं हाय?" मी विचारलं.

"गार हाय," तो म्हणाला, "लई गार हाय इवाई, घ्या आता परत."

मी परत घेतला नाही. अक्षता सुरू झाल्या होत्या, मी मिशांवरून हात फिरवला आणि तांदूळ टाकायला पुढं गेलो.